पाणी बंबाचं, जाळ गीझरचा

“हा बंब मोडीत गेला, तर मी दिवाळीला माहेरी निघून जाईन,” काकू म्हणाल्या.

“हा गीझर परत गेला, तर मी दिवाळीभर कोर्टात जाऊन बसेन,” आप्पासाहेब म्हणाले.

“दिवाळीत कोर्ट बंद असतं.”

“पायरीवर बसेन.”

मी तेव्हा त्यांच्या न्हाणीघरात उकिडवा बसून पाइपाला आटे पाडत होतो. भांडण नवराबायकोचं, पण प्रत्येक वाक्य झालं की दोघंही माझ्याकडे बघत. मी मान खाली घालून आटे पाडत राहिलो. फिटरच्या धंद्यात हे आधी शिकावं लागतं. लोक तुम्हाला नळ बसवायला बोलावतात आणि सगळं घर उघडून दाखवतात. आपण पाइपाकडे बघावं.

ही गोष्ट एकोणीसशे तिशीनंतरच्या सोलापूरची. मी मुंबईला एका सॅनिटरी कंपनीत उमेदवारी करून परत आलो होतो आणि नव्या पेठेत नळ-फिटिंगचं लहानसं दुकान टाकलं होतं. आमच्या घरात सगळे मास्तर, नाहीतर कारकून. त्यात मी हा असा निघालेला. आई शेजारणींना सांगायची, “आमचा नारायण नळखात्यात आहे.” खातं माझंच होतं आणि त्यात मी एकटाच होतो, हे ती सांगत नसे.

आप्पासाहेब गावातले नावाजलेले दिवाणी वकील. नवा दगडी बंगला त्यांनी नुकताच बांधला होता. नवीन वस्तूची त्यांना फार हौस. ग्रामोफोन आणला, विजेचा पंखा आणला, आणि माझ्या दुकानात एका कॅटलॉगात चित्र बघून रॉकेलवर चालणारा गीझरही मागवला. मुंबईहून आगगाडीने खोकं आलं तेव्हा ते स्वतः स्टेशनवर हजर. खोक्यातून गवत बाहेर काढता काढता त्यांचा चेहरा असा खुलला होता, की मीच गीझर विकलाय की पाळण्यातलं पोर, अशी मला शंका आली.

आता हे गीझर प्रकरण काय असतं, ते थोडक्यात सांगतो. बंब सगळ्यांना ठाऊक आहे. तांब्याचं मोठं पिंप, मधून आरपार नळकांडं. नळकांड्यात काटक्या, गोवऱ्या, कोळसा घालून जाळ करायचा, भोवतीचं पाणी तापतं, खालच्या तोटीतून काढायचं. बंब म्हणजे साठा. तापायला वेळ लागतो, पण तापला की भरपूर कढत पाणी एकदम हाताशी. त्यात विसण, म्हणजे गार पाणी, घालून दोघा-तिघांच्या आंघोळी आरामात होतात. मग पुन्हा भरा, पुन्हा वाट पाहा. आणि धूर आणि राख आहेतच.

आमच्या गीझरमध्ये साठा नव्हता. तांब्याची बारीक नळी वेटोळी करून बसवलेली, तिला कॉइल म्हणतात. खाली स्टोव्हसारखे बर्नर. चावी सोडली की गार पाणी कॉइलच्या एका टोकातून शिरतं, फिरत फिरत तापतं, दुसऱ्या टोकातून गरम बाहेर पडतं. थांबायचं नाही, साठवायचं नाही. धार बंबापेक्षा बारीक, पण अखंड. मात्र एक नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळायचा. पेटवताना आधी पाणी, मग जाळ. विझवताना आधी जाळ बंद, मग पाणी. कॉइलमध्ये पाणी नसताना खाली जाळ राहिला, तर सांधे वितळून सगळं यंत्र मोडीत.

म्हणजे यंत्र चांगलं की वाईट, हा प्रश्नच नव्हता. त्याला वाहतं पाणी हवं, एवढंच. आणि सोलापूरचा नळ! सकाळी उन्हं आल्यावर थोडा वेळ, संध्याकाळी थोडा वेळ. मधल्या वेळात फुंकर मारली तर आवाज येईल, पाणी नाही. म्हणून मी गच्चीवर वीटकामाचा चौथरा बांधून घेतला, त्यावर लोखंडी टाकी ठेवली, आणि अंगणातल्या हौदातून टाकीत पाणी चढवायला हातपंप बसवला. टाकी जितकी उंच, तितकी खालच्या नळाला धार जोरात. याला आम्ही ‘हेड’ म्हणतो. आप्पासाहेबांना हा शब्द फार आवडला. ते येणाऱ्या प्रत्येकाला आपलं हेड दाखवायला गच्चीवर नेत.

हातपंप मारायचं काम मल्हारीकडे आलं. मल्हारी सांगोल्याकडचा, घरी मेंढरं, पण मेंढरांपेक्षा माणसं बरी म्हणून वकिलांकडे गडी म्हणून राहिलेला. रोज पहाटे बंब पेटवायचा मान त्याचा. मी पहिल्यांदा गीझर पेटवून दाखवला तेव्हा तो दारातून आत यायला तयार होईना.

“लई गुरगुरतंय की ह्ये. कुत्र्यावानी.”

“चावत नाही,” मी म्हणालो.

“कुत्रं बी आदी गुरगुरतंयच, मंग चावतंय.”

मोरीकडच्या पाइपाचे आटे तेवढे राहिले होते, पण टेस्टिंग छान झालं. धार चांगली, पाणी गरम, धूर चिमणीतून बाहेर. आप्पासाहेब पुन्हा पुन्हा चावी सोडून हात धरून बघत होते. आणि त्याच आनंदात ते बोलून गेले, की आता या बंबाचं काय काम? भाऊबीज झाली की तांबटाला देऊन टाकू. वर जे भांडण सांगितलं, ते इथून सुरू झालं.

काकू अक्कलकोटकडच्या. मला लहानपणापासून ओळखत, म्हणून अरेतुरे. मराठी उत्तम बोलत, पण घाई झाली, राग आला किंवा फार आनंद झाला, की कानडी बाहेर पडे. आप्पासाहेब कोर्टात निघून गेल्यावर त्या मला चहा द्यायला आल्या आणि बंबाजवळ उभ्या राहिल्या. बंब मागच्या पडवीत होता. चिंच लावून घासलेला, आरशासारखा.

“नारायण, हा माझ्या वडलांनी घडवून घेतला. लग्नानंतर बैलगाडीत माझ्या शेजारी हा बसून आला. या घरातली माझी पहिली दिवाळी आली, तेव्हा मला धड मराठी बोलता येत नव्हतं. घरात माझं कानडी कळणारा हा एकटाच होता. पहाटे याच्यापाशी बसून मी याच्याशी बोलायची.”

“मग तसं सांगा ना आप्पासाहेबांना.”

“ते म्हणतील, पुरावा काय?” काकू हसल्या, पण डोळे हसत नव्हते. मला फार वाईट वाटलं. यंत्र मी आणलेलं, आणि ते चाललं तर या बाईचा बंब जाणार. नाही चाललं तर माझं दुकान. कारण बंगल्यांच्या त्या वस्तीत सगळ्यांच्या नजरा या न्हाणीघराकडे लागल्या होत्या. इथे गीझर फसला असता, तर मला कोणी साधी तोटी बदलायलाही बोलावलं नसतं.

संध्याकाळी आप्पासाहेबांनी तोडगा काढला. लेकीचं, मनूचं, लग्न त्याच वैशाखात झालं होतं. जावईबापू बार्शीला हायस्कुलात शास्त्र शिकवत. पहिला दिवाळसण, तेव्हा जावई आणि बार्शीची काही मंडळी येणार होती.

“नरकचतुर्दशीची पहिली आंघोळ जावईबापूंची,” आप्पासाहेबांनी निकाल वाचावा तसं सांगितलं. “ती गीझरच्या पाण्याने. शास्त्र शिकलेला माणूस आहे, त्याचं मत मी मानीन. त्यांना पसंत पडली तर बंब मोडीत. नाही पडली तर गीझर नारायणाच्या दुकानात परत. आणि तोपर्यंत बंब पेटवायचा नाही. मनाई हुकूम!”

“आणि आंघोळ सूर्योदयाच्या आत झाली नाही तर?” काकूंनी विचारलं.

“तर मी दावा हरलो.”

काकू आत गेल्या. मल्हारी म्हणाला, “सायेब, दिवाळीला बंब थंड? आवो, पाव्हणं काय म्हणत्याल?” पण मनाई हुकूम म्हणजे मनाई हुकूम.

आता पुढचा भाग मला नंतर मल्हारीने सांगितला, पण क्रमाने सांगायचं तर तो इथेच यायला हवा.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरण्याचा सण असतो. आपल्याकडे बरेचजण करतात, पण कानडी मुलखात त्याचं फार महत्त्व. नीर तुंबुव हब्ब म्हणतात. घरातलं जुनं पाणी एक थेंब ठेवायचं नाही. घागरी, हंडे, कळश्या, सगळं रिकामं करायचं, घासायचं, आणि नवं पाणी भरायचं. बंबाला चुन्याचे आणि कावेचे पट्टे ओढायचे, झेंडूची माळ घालायची, हळदकुंकू लावायचं. त्याच पाण्याने दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान.

काकूंनी घागरी रिकाम्या केल्या. हौद रिकामा करून घासून घेतला. मग त्यांची नजर गच्चीवर गेली. टाकीतही पाणीच होतं आणि तेही जुनंच होतं.

“मल्हारी, ती टाकी पण सोड.”

“आवो काकू, दुपारीच भरलीया मी. हात दुखाय लागलं पंप मारून.”

“जुनं पाणी घरात ठेवायचं नाही. पायाशी असो की डोक्यावर असो.”

मल्हारीने टाकीची तोटी सोडली. दुपारभर चढवलेलं पाणी घटकेत गटारात गेलं. त्यांचं चुकलं म्हणता येत नाही. काकूंच्या सणात टाकीसाठी वेगळा नियम नव्हता, कारण तो सण ठरला तेव्हा टाक्या नव्हत्या.

मग संध्याकाळी नळ आला आणि फासे उलटे पडले. पाणी भरायचा सण काय फक्त काकूंचा होता? त्या संध्याकाळी सगळं सोलापूर हंडे-घागरी घेऊन नळाखाली बसलेलं. गावातल्या सगळ्या तोट्या एकाच वेळी उघड्या. प्रेशर गेलं. आप्पासाहेबांच्या अंगणात नळाला सुतासारखी धार. काकूंनी आधी देवघरातला कलश भरला, मग स्वयंपाकघरातल्या घागरी, मग बंब. बंब मात्र तोंडापर्यंत भरला. जाळ नसला म्हणून काय झालं? पट्टे ओढले, माळ घातली, ओवाळलं. तोवर नळ गेला. हौदाचा तळ नुसता ओला. पंप मारला तर हवाच येई. शेवटी मल्हारीने स्वयंपाकघरातल्याच थोड्या घागरी शिडीवरून नेऊन टाकीत ओतल्या.

“एका माणसाच्या आंघोळीला पुरे,” काकू म्हणाल्या. बंबाच्या हिशोबाने ते अगदी खरं होतं. बंबातलं पाणी कढत असतं, त्यात तेवढंच गार मिसळतं, आणि माणूस तांब्याने मोजून घेतो. पण गीझरच्या नळाखाली बसलेला माणूस तांब्या बाजूला ठेवतो. धार डोक्यावर घेतो आणि वाहू देतो.

पहाटे मी हजर झालो. अंगणात पणत्या, रांगोळी, आणि बार्शीची मंडळी शालीत गुरफटून चहा पिताहेत. जावईबापू पाटावर बसलेले, मनू त्यांच्या पाठीला तेल लावतेय आणि हसू दाबतेय. आप्पासाहेब रेशमी धोतर नेसून माझी वाटच बघत होते.

मी नियमाप्रमाणे चावी सोडली. पाणी जोरात आलं. कॉइल भरली, मग बर्नर पेटवले. जरा वेळात वाफाळती धार सुरू झाली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण आप्पासाहेबांना राहवेना.

“या, या मंडळी! बघा! काडी नाही, धूर नाही, राख नाही. नुसती चावी फिरवायची!”

बार्शीची मंडळी एकेक करून न्हाणीघरात आली. प्रत्येकाने धारेखाली हात धरला. आप्पासाहेब प्रत्येकाला कॉइल समजावून सांगत होते, आणि समजावून सांगेपर्यंत धार वाहत होती. एका गृहस्थांनी विचारलं, “हेच पाणी पुन्हा वर जातं का?” त्यांना परत सुरुवातीपासून सांगितलं. मी दोनदा म्हणालो, “आप्पासाहेब, आता जावईबापूंना बसू द्या.” ते म्हणाले, “हो हो, एवढं हेड दाखवतो.” आणि मोरीतून गरम पाणी वाफा सोडत वाहून गेलं.

अखेर जावईबापू आत बसले. दार लोटलं. काकू बाहेर आरतीचं तबक घेऊन उभ्या, आत उटणं चोळल्याचा आवाज, आणि आप्पासाहेब मिशीला पीळ देताहेत.

“मामासाहेब, पाणी फारच छान आहे!” आतून आवाज आला.

आप्पासाहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी तबकाकडे पाहिलं. निरांजनाची वात उगाच पुढे सारली. मी नजर वळवली.

आणि तेवढ्यात नळ खोकला.

फिटरला तो खोकला बरोबर कळतो. नळात हवा शिरल्याशिवाय तो येत नाही. मी दार न ठोठावता आत घुसलो. जावईबापू उटण्याने पिवळे, डोळे घट्ट मिटलेले. मी बर्नर पटकन बंद केले. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. कॉइल टिक-टिक करत राहिली, पण सांधे वाचले.

“काय झालं?” जावईबापूंनी डोळे मिटूनच विचारलं.

“पाणी गेलं.”

“कुठे गेलं?”

“मोरीत.”

बाहेर एकच गोंधळ. टाकीत पाणी कसं नाही? मल्हारी पुढे झाला आणि जुन्या पाण्याची सगळी हकिकत सांगितली. आप्पासाहेब डोक्याला हात लावून पायरीवर बसले. पूर्वेकडे आभाळ उजळू लागलं होतं. पहिला दिवाळसण, पाहुणे दारात, जावई अर्धा धुतलेला, आणि सूर्य काही वकिलांच्या तारखेवर थांबणार नव्हता.

“चुलीवर हंडा चढवा,” कोणीतरी म्हणालं.

“तापेपर्यंत दुपार होईल.”

“बंब पेटवा मंग,” मल्हारी म्हणाला. “लाकडं घेऊन येतो.”

तो मनाई हुकूम कुणालाच आठवला नाही. पण गार बंब तापायलाही वेळ लागतोच. मी काकूंकडे पाहिलं. त्या पडवीत बंबापाशी जाऊन उभ्या होत्या. पट्टे ओढलेला, माळ घातलेला, तोंडापर्यंत भरलेला बंब. आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. बंबात पाणी आहे, जाळ नाही. गीझरला जाळ आहे, पाणी नाही.

“काकू, बंबातलं पाणी गच्चीवर नेऊ का? गीझरला पाणी वरूनच लागतं.”

काकूंनी बंबाकडे पाहिलं. तो त्यांच्या डोळ्यांदेखत रिकामा करायचा, आणि तेही त्याला मोडीत काढणाऱ्या यंत्रासाठी! मला वाटलं, नाही म्हणतील. आणि म्हणाल्या असत्या तरी मी त्यांना बोल लावला नसता.

त्यांनी तबक मनूच्या हातात दिलं, पदर खोचला, आणि बंबाची तोटी स्वतः सोडली.

“आंघोळीलाच भरलंय ना ते? बेगा, बेगा! लवकर चला सगळे!”

मग जे झालं, तसं काम मी पुढच्या सगळ्या आयुष्यात पुन्हा केलं नाही. पडवीपासून गच्चीपर्यंत माणसांची रांग लागली. काकू घागर भरून मनूला देत, मनू बार्शीच्या एका मामांना, मामा दुसऱ्यांना, ते शिडीखालच्या मल्हारीला. शिडीच्या मध्यावर रेशमी धोतर खोचून खुद्द आप्पासाहेब. वर टाकीपाशी मी. भरलेली घागर वर, रिकामी खाली. शिडी डुगडुगत होती, आणि प्रत्येक घागर वर जाताना हिंदकळून खालच्याच्या डोक्यावर गार पाणी सांडत होती.

“आप्पासाहेब, सरळ धरा!”

“सरळच आहे, शिडी वाकडी आहे!”

“सायेब, माझ्या कानात गेलं की वो पानी!”

“मल्हारी, तक्रार लेखी दे!”

बार्शीचे मामा कुडकुडत हसत होते. मनू तर हसून हसून घागर धरूच शकेना. आतून जावईबापू मधूनमधून ओरडत, “उटणं वाळायला लागलंय!” आणि त्यावर नवा हशा उठे. काकूंचं ‘बेगा, बेगा’ सगळ्यांच्या वर.

बंब जवळजवळ रिकामा झाला तेव्हा मी खाली धावलो. घाई होती तरी नियम मोडला नाही. आधी चावी. नळ खोकला, फुरफुरला, हवा गेली, धार आली. मग जाळ. मी बाहेर आलो. क्षणभर सगळं घर कान देऊन उभं. आणि आतून आवाज आला, “आलं! गरम आलं! आहाहा!”

अंगणात टाळ्या पडल्या. खरंच पडल्या.

जावईबापू नवं धोतर नेसून बाहेर आले, तुळशीपाशी जाऊन त्यांनी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, आणि मग शेजारच्या बंगल्याच्या कौलांवर पहिलं ऊन पडलं. काकूंनी ओवाळलं. ओवाळताना त्यांच्या लक्षात आलं, की समोर उभी असलेली सगळी मंडळी डोक्यापासून पायापर्यंत निथळतेय. आप्पासाहेब, मल्हारी, बार्शीचे मामा, सगळे.

“अय्यो,” काकू म्हणाल्या, “सूर्य उगवायच्या आत सगळ्यांचीच आंघोळ झाली की!”

इतकं हसू मी कोणाच्या दिवाळीत ऐकलं नाही. मी टाकीपाशी होतो, म्हणून एकटाच कोरडा. तर मल्हारीने शेवटच्या घागरीतलं उरलेलं पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. “तुमी तरी कशाला नरकात जाताय?” म्हणाला.

फराळाला बसलो तेव्हा वकील पुन्हा वकील झाले. सुकं धोतर नेसले होते, अनारसा हातात होता.

“जावईबापू, शपथेवर सांगा. आंघोळ पसंत पडली का?”

“फार पसंत पडली.”

“सूर्योदयाच्या आत झाली?”

“झाली.”

“मग दावा कोण जिंकलं? पाणी गीझरचं होतं की बंबाचं?”

सगळे जावयाकडे बघायला लागले. काकू चकलीचं ताट हातात घेऊन दारात थांबल्या. तो तरुण माणूस, सासरी पहिलीच दिवाळी, आणि सासूसासऱ्यांच्या मधोमध बसवलेला. मला त्याची कीव आली.

जावईबापूंनी चहाचा घोट घेतला. “मामासाहेब, पहिलं पाणी गीझरचं होतं. ते मला मधेच सोडून गेलं. दुसरं बंबाचं होतं. ते शिडी चढून माझ्यासाठी आलं. आता मी कोणाच्या बाजूने साक्ष देणार?”

 आप्पासाहेबांनी दारातल्या काकूंकडे पाहिलं. कोपरापर्यंत ओल्या झालेल्या बाह्या, कपाळावर फिसकटलेलं कुंकू. मला वाटतं, तो बंब नेमका कोणाचा आहे, हे त्यांना इतक्या वर्षांनी तेव्हा दिसलं. अनारसा खाली ठेवून ते म्हणाले, “तांबटाला निरोप पाठवा, येऊ नको म्हणून. दावा मागे घेतला.”

“आणि गीझर?” मी घाबरत विचारलं.

“गीझर परत जायचा नाही,” हे काकूंनी सांगितलं. “राहू दे दोघंही. मनाई हुकूम फक्त तुमच्या त्या हेडवर.”

दुसऱ्या दिवसापासून पहाटे बंब पेटू लागला आणि मल्हारीचा चेहरा उजळला. एखाद्याला घाईने कुठे जायचं असलं, की गीझर. नरकचतुर्दशीची हकिकत मात्र गावभर झाली. मला वाटलं होतं, लोक माझ्या दुकानाकडे पाठ फिरवतील. झालं उलटंच. सण संपला तरी लोक विचारायला येत राहिले, पण गीझर फार थोड्यांनी घेतला. बहुतेकांनी टाकी आणि हातपंप नेला. माझं दुकान खरं त्या दिवसापासूनच चालायला लागलं.

पुढे जावईबापूंनी बार्शीला वेगळं बिऱ्हाड केलं. मनूने आईला कळवलं, की मला तुझा बंब हवा, मला त्याची सवय आहे. काकूंनी मला बोलावून घेतलं.

“नारायण, गीझर काढ आणि बार्शीला नेऊन बसव.”

“गीझर? पण तिने तर बंब मागितलाय.”

“बंब माझ्या माहेरचा आहे,” काकू म्हणाल्या. “तिच्या माहेरचा हा.”

आप्पासाहेब शेजारीच वर्तमानपत्र वाचत होते. त्यांचा जीव त्या यंत्रावर किती होता, मला ठाऊक होतं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. त्याच्याआडूनच म्हणाले, “खोकं नीट गवत घालून बांध. आणि चौथरा उंच बांधून दे तिला.”

मी बार्शीला जाऊन फिटिंग केलं. पाण्यातल्या क्षाराने कॉइल हळूहळू बुजते, ती वर्षातून एकदा धुवावी लागते, म्हणून दिवाळीच्या आधी दरवर्षी जात राहिलो. फराळही मिळे. पहिल्याच वर्षी गेलो तेव्हा पाहतो, तर गीझरच्या तांब्याच्या अंगावर चुन्याचे आणि कावेचे पट्टे, वरून झेंडूची माळ. मी चौकशी करण्याआधीच मनू म्हणाली, “नारायणदादा, वर टाकी आज रिकामी करून पुन्हा काठोकाठ भरलीय. मी स्वतः शिडी चढून बघितलंय.”

मी तरीही चढून बघितलं. टाकी भरली होती, आणि पाण्यावर एक झेंडूचं फूल तरंगत होतं.

आता दुकान मुलगा बघतो. अजूनही लोक विचारतात, बंब घ्यावा की गीझर? दोन्ही चांगलेच असतात. घरात पाणी कोण भरतं आणि केव्हा, ते आधी विचारून या, एवढंच मी सांगतो. आणि पाहुण्यांना यंत्र दाखवायचं असेल, तर बंद असताना दाखवा.